हिरवं असेल तर घरीच

या रुग्णालयाच्या दारावरचा दिवा उलटा होता. रस्त्यावर हिरवा दिवा म्हणजे चला. इथे हिरवा म्हणजे परत जा. बाळाच्या छातीवरची पट्टी दाराशेजारच्या काचेसमोर धरायची. पिवळं किंवा लाल उमटलं, तर दार सरकून उघडे आणि आतली सिस्टर बाळ घ्यायला पुढे येई. हिरवं उमटलं, तर दार जागचं हलत नसे. एक मायाळू आवाज सांगे, ‘तुमचं बाळ ठीक आहे. आत संसर्ग आहे. बाळाला घरीच ठेवा.’

नव्या आईबापांना हे समजावून सांगायचं काम डॉ. शलाका मगदूमकडे होतं. दर सोमवारी सकाळी ती ते मनापासून करायची.

“म्हणजे वो मॅडम, पोरगं चांगलं असलं तर आत घेत न्हाई?” एका बापाने विचारलं होतं.

“चांगलं नसेल तरच घेतो.”

“मग आमचं लईच चांगलं असणार. परवा अर्धा दिवस दारात उभं केलं आम्हांस्नी.”

सगळे हसले. शलाकाही हसली. मग तिने नेहमीचं वाक्य सांगितलं, “आपला हात बाळाच्या कपाळावर ठेवून काहीही ठरवू नका. हाताला आपलीच काळजी जाणवते. टिकलीला विचारा.”

पट्टीचं सरकारी नाव ‘शिशुरक्षक’ असं होतं, पण ते कुणी घेत नसे. घराघरांत तिला टिकलीच म्हणत.

टिकली येण्याआधीचा हिवाळा शलाका विसरली नव्हती. लहान मुलांच्या श्वासनलिकांच्या संसर्गाची मोठी साथ आली होती. व्हरांड्यात, जिन्यावर, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर सगळीकडे आया बसलेल्या. साध्या सर्दीचं मूल घसा फोडून रडायचं आणि त्याला आधी आत घेतलं जायचं. खरं आजारी मूल रडत नाही. रडायला श्वास लागतो, आणि तो त्याला पुरत नसतो. त्या गर्दीत एक बाळ आईच्या खांद्यावरच गेलं. आईला वाटत होतं, झोपलंय. शेजारच्या बायकाही म्हणत होत्या, शहाणं आहे हो, जरा आवाज नाही.

टिकली म्हणजे बिस्किटाहून लहान, कातडीसारखी मऊ चकती. बाळाच्या छातीवर डावीकडे चिकटवायची. ती श्वास मोजे, ठोके ऐके, कातडीचं तापमान घेई आणि बारीक लाल उजेडाने रक्तातला प्राणवायू पाही. यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते तिचं शिकणं. वैद्यकाच्या पुस्तकात सरासरी मूल असतं. घरात कुणाचंच मूल सरासरी नसतं. एक बाळ मिनिटाला पस्तीस श्वासांत सुखाने झोपतं, दुसऱ्याला पंचेचाळीस लागतात, आणि दोघंही ठणठणीत असतात. म्हणून टिकली पहिले काही आठवडे नुसती पाहत राही आणि त्यातून त्या एका बाळाचं ‘नेहमीचं’ काय ते ठरवी. बाळ वाढतं तसं तेही बदलतं, म्हणून पुढेही रोज थोडं थोडं शिकणं चालू राही. या नेहमीपासून चार-पाच गोष्टी एकाच दिशेने सरकू लागल्या की आईला शंका यायच्या आधी टिकली पिवळी होई.

ती खरोखर ओळखायची. व्हरांडे रिकामे झाले. खाटा मिळायच्या त्या गरज असलेल्या मुलांनाच मिळू लागल्या. पहिल्या वर्षात किती मुलं वाचली याचा हिशोब शलाकानेच मांडला होता, आणि ‘हिरवं असेल तर घरीच’ हा नियमही तिच्याच आग्रहाने झाला होता. नियमाला अपवाद नको, असंही तिनेच बजावलं होतं. मागच्या महिन्यात एका सहकारी डॉक्टरने भाच्याला मागच्या दाराने आत आणलं, तेव्हा सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, “तुमचा भाचा असला तरी त्याची टिकली हिरवीच आहे. बाहेर न्या त्याला.”

तिचा स्वतःचा भाचा तेव्हा सहा महिन्यांचा होता.

धाकटी बहीण तेजस्विनी लग्न करून वारणाकाठच्या चौगुल्यांच्या घरात गेली होती. घर भरलेलं होतं. तेजू, तिचा नवरा सम्मेद, थोरला दीर, जाऊ सुकन्या, आणि या सगळ्यांवर सासूबाई. त्यांना घरातच काय, आख्खी गल्ली आक्का म्हणायची. सुकन्याची ओजल आणि तेजूचा पार्श्व यांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर होतं. टिकलीची योजना ओजलच्या जन्मानंतर सुरू झाली, म्हणून टिकली मिळाली ती फक्त पार्श्वला. शलाकाने ती स्वतः गावी जाऊन लावली होती.

आक्का शेजारी बसून सगळं निरखत होत्या. टिकली लागल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आंघोळीचं काय?”

“पाण्याने काही होत नाही, आक्का. फक्त तेल नको. तेलाने चिकटा सुटतो.”

“तेल नको?”

“सुरुवातीचे काही आठवडे. ती शिकत असते ना.”

“ती शिकस्तवर आमचं पोरगं कोरडं ठेवायचं?” आक्का हसल्या. “डॉक्टरीणबाई, तुम्हांला तुमच्या आईनं तेल लावलं न्हाई का वो?”

“लावलं.”

“मग? हाडं बघा की कशी घट्ट हायत.”

तेजू तोंडावर पदर दाबून हसत होती. शलाकाने पुन्हा एकदा समजावलं. टिकली निघाली की ती बारीक आवाजात रडायला लागते. तरीही नाही लावली तर रुग्णालयातून फोन येतो. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर आशाताई घरी येते आणि ‘निष्काळजी घर’ अशी नोंद होते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. ती मान शलाका ओळखत होती. दर सोमवारी तिच्यासमोर बसणाऱ्या सगळ्या सासवा तशीच मान डोलवायच्या. घरी जाऊन त्या काय करत असतील हा विचार तिच्या मनात यायचा, पण चौगुल्यांच्या घरातून टिकली निघाल्याचा फोन एकदाही आला नाही. सगळ्या तालुक्यात इतकी सलग नोंद दुसऱ्या बाळाची नव्हती. शलाकाने ती एका परिषदेत पडद्यावर दाखवलीही होती, अर्थात नाव झाकून. कौतुक झालं होतं.

पार्श्वला आठवा महिना चालू होता. तो आधाराशिवाय बसायला लागला होता, आणि बसल्याबसल्या एका बाजूला कलंडला की स्वतःवरच खूश होऊन हसायचा. अशा दिवसांत एका दुपारी तेजूचा फोन आला.

“ताई, हा दूध ओढत नाहीये.”

शलाकाच्या समोर एक लाल मूल होतं. तिने सिस्टरला खूण केली आणि ती जरा बाजूला झाली. “कधीपासून?”

“काल रात्रीपासून. दोन घोट घेतो आणि सोडून देतो. थोडा कणकणीत आहे. आणि असा... कसा सांगू? माझ्याकडे बघत नाही.”

“टिकली?”

“हिरवी आहे. पण तू एकदा बघ की.”

शलाकाने संगणकावर पार्श्वच्या टिकलीची नोंद उघडली. ताप थोडा, प्राणवायू जरा कमी, ठोके थोडे जास्त, श्वास मिनिटाला अठ्ठावन्न. खाली हिरवी पट्टी आणि नेहमीची ओळ होती, ‘या बाळाच्या नेहमीच्या मर्यादेत.’

अठ्ठावन्नपाशी तिची नजर थांबली. शिकत असताना तिला एक साधा आकडा पाठ करायला लावला होता. वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास पन्नासाच्या वर गेले की आधी छाती उघडी करून बघा. बरगड्यांखाली खळगा पडतो का बघा. पण तो आकडा सरासरी मुलाचा होता. सरासरी मूल कुठेच नसतं, हे तीच तर दर सोमवारी सांगत होती. आणि या बाळाइतकी सलग, स्वच्छ नोंद दुसऱ्या कुठल्या बाळाची नव्हती.

“तेजू, सर्दी झाली असेल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाक, थोडं थोडं पाजत राहा.”

“मी घेऊन येऊ का त्याला?”

“आमच्याकडे काय चाललंय तुला माहीत नाही. वॉर्ड भरलाय. नसलेलं दुखणं घेऊन जाशील इथून.”

“मला बरं वाटत नाहीये, ताई.”

“तुला बरं वाटत नाहीये. त्याला बरं आहे,” शलाका म्हणाली. वाक्य तिच्या तोंडातलंच होतं. तिने ते आजवर कितीतरी आयांना ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या रखवालदाराचा आतल्या फोनवर निरोप आला, “मॅडम, तुमची बहीण म्हणतात अशा एक बाई आल्यात. टिकली हिरवी आहे. जात नाहीत.”

शलाका तेव्हा एका बाळाच्या श्वासनळीत नळी घालत होती. हात मोकळे नव्हते. सिस्टरने फोन तिच्या कानाशी धरला. जिना उतरून खाली जायला फार वेळ लागला नसता. नळी बसल्यावर पाच मिनिटं मिळाली असती. पण मागच्या महिन्यातलं स्वतःचं बोलणं तिला आठवलं, आणि ज्याच्या भाच्याला बाहेर काढलं होतं तो डॉक्टर आता समोरच्याच खाटेपाशी उभा होता.

“तिला सांगा घरी जायला. म्हणावं, संध्याकाळी मी येते.”

“त्या म्हणतात, एकदा नुसतं बघा.”

“संध्याकाळी येते म्हणून सांगा.”

दाराबाहेर तेजू किती वेळ उभी होती हे शलाकाला नंतर रखवालदाराकडून कळलं. ती बाळाची छाती पुन्हा पुन्हा काचेसमोर धरत होती. दर वेळी तो मायाळू आवाज तेच सांगायचा. शेवटी तिने टिकली रुमालाने पुसली, म्हणजे घाम असेल तर निघून जाईल, आणि पुन्हा धरली. मग ती स्टॅंडकडे गेली.

एसटी गावाच्या वाटेला लागली तेव्हा टिकली मधला पिवळा टप्पा ओलांडून थेट लाल झाली. बाळाची शक्ती संपेपर्यंत शरीर सगळं सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं. मोठ्या माणसासारखं हळूहळू नाही. चालकाने गाडी उलटी वळवली. उतारूंनी जागा करून दिली, कुणी पाणी पुढे केलं, कुणी पाठ चोळायला सांगितलं. गाडी रुग्णालयाच्या आवारातच घातली. दार लगेच उघडलं.

पार्श्वच्या दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता आणि एका बाजूला पू साचला होता. वाटेत त्याचं हृदय काही काळ थांबलं असावं. आत आल्यावर ते पुन्हा सुरू केलं. ते शलाकाने केलं नाही. त्याच सहकाऱ्याने तिला बाजूला केलं आणि तो पुढे झाला. त्याने टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पार्श्व जगला. पू काढला, नळ्या निघाल्या, ताप गेला. पण बसायला लागलेला मुलगा आता मानही धरत नव्हता. त्याचे डोळे उघडे असायचे आणि कुणावरच ठरायचे नाहीत. डावा हात मुठीत आखडून गेला होता. मेंदूच्या चित्रात काय दिसतंय ते तेजूला सांगायचं काम शलाकाने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तेजूने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “मी फोन केला तेव्हा आणलं असतं तर?”

“सांगता येत नाही,” शलाका म्हणाली. तिला सांगता येत होतं.

मग तिने टिकलीचा मागचा सगळा अभ्यास काढला. यंत्रात बिघाड असणार असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे तसा तो असावा असं तिला वाटत होतं. बिघाड नव्हता. टिकलीने सगळं बरोबर मोजलं होतं. पण पार्श्वच्या ‘नेहमीच्या’ श्वासांचा आलेख काढल्यावर तिथे एक उंचवटा दिसायच्या ऐवजी दोन दिसले. एक चाळिसाच्या आसपास, शांत बाळाचा. दुसरा साठाच्या जवळ, आणि त्याच्याबरोबर प्राणवायू थोडा खाली. हा दुसरा रोज सकाळी यायचा, दुपारच्या जेवणापर्यंत राहायचा आणि जायचा. एकाच छातीचे दोन स्वभाव.

रविवारी सकाळी ती न कळवता गावी गेली. तेजू पार्श्वला घेऊन रुग्णालयातच होती. आक्का परसात पाटावर बसल्या होत्या. पायांवर शेजारणीचं तान्हं बाळ पालथं घातलं होतं आणि त्याच्या पाठीला तेल चोळत होत्या. तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम होत होती. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून गल्लीतल्या बायका बाळं आणून सोडायच्या.

“या, बसा,” आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. “पोरगं काय म्हणतंय?”

“आहे तसंच आहे.”

आक्कांनी बाळ उताणं केलं. त्याच्या छातीवर टिकली होती. त्यांनी ती नखाने अलगद उचलली आणि मागे न बघताच हाक मारली, “ओजल, ये गं बाई.”

दीड-पावणेदोन वर्षांची ओजल दुडुदुडु आली. झगा स्वतःच वर करून उभी राहिली. तिला सवय होती. आक्कांनी टिकली तिच्या छातीवर दाबून बसवली आणि तिच्या हातात खारकेचा तुकडा दिला. ओजल उंबऱ्यावर जाऊन बसली. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

“हिला काय होतंय?” शलाकाने विचारलं.

“बाळदमा की. जन्मापास्नं हाय. सकाळच्या पारी जरा जास्ती, मग दुपारी मोकळं होतंय. तिच्या बापालाबी होता.” आक्कांनी पुन्हा तेल घेतलं. “तुमची टिकली तेलात टिकत न्हाई आणि काढली की रडतीया. फोन येतोय, आशाताई येती, चारचौघांत शोभा. मग मी काय केलं, लेकराला तेल लावून, न्हाऊ घालून, शेकून निजवलं की ते उठस्तवर टिकली ओजलला. गुंडाळून निजलेल्या पोराला कोण उठवतंय टिकलीसाठी?” त्यांनी शलाकाकडे पाहिलं, आणि त्या दुःखातही त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला. “तुमचं यंत्र मी एकदाबी रडू दिलं न्हाई, डॉक्टरीणबाई. आमच्या तेजूला कुणी नावं ठेवाय नकोत म्हणून.”

शलाका पायरीवर बसली. म्हणजे टिकली रोज अर्धा दिवस पार्श्वचे श्वास शिकत होती आणि अर्धा दिवस ओजलचे. दोघांची गोळाबेरीज करून तिने एक मूल तयार केलं होतं, ज्याला अठ्ठावन्न श्वास नेहमीचे होते. ते मूल या घरात नव्हतं, कुठल्याच घरात नव्हतं, आणि टिकली इतके महिने त्याचीच इमानेइतबारे राखण करत होती. माणूस बदलला हे यंत्राला ओळखता आलं असतं, पण बाळांचे ठोके आठवड्या-आठवड्याला बदलतात, म्हणून बाळांसाठी ती ओळख बंद ठेवलेली होती. हा निर्णय ज्या बैठकीत झाला, त्या बैठकीतही ती होती. तिथे तेलाचा विषय कुणी काढला नव्हता. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी पायांवर घेऊन तेल लावलं होतं.

“काय झालं वो? पाणी देऊ?” आक्कांनी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “उन्हातून आले ना.”

ती काही न सांगता परत आली. सांगितलं तर आक्का त्या दिवसापासून जिवंत राहून मेल्यासारख्या झाल्या असत्या, आणि तेजूचं घर त्यांच्याभोवतीच उभं होतं. पण गप्प बसायचं तर आक्कांच्या पायांवरचं ते शेजारणीचं बाळ होतं. त्याची टिकलीही आता शिट्टी वाजणारी छाती शिकत होती.

सोमवारचा वर्ग तिने रद्द केला आणि ती रुग्णालयाचे प्रमुख डॉ. कर्णिक यांच्या खोलीत गेली. शेजारणीच्या बाळाच्या टिकलीचं शिकणं पहिल्यापासून सुरू करायला लावलं. मग गावाचं, घराचं नाव न घेता तिने सगळं सांगितलं. कर्णिकांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. त्या हिवाळ्यात खांद्यावर गेलेल्या बाळाला आईकडून त्यांनीच घेतलं होतं.

“म्हणजे यंत्राची चूक नाही,” ते म्हणाले.

“नाही, सर. नियमाची आहे. टिकली हिरवी असली तरी आई दारात येऊन उभी राहिली, तर दार उघडायला हवं.”

“किती आया उभ्या राहतील?”

“सगळ्या.”

“आणि मग?”

मग काय होतं ते तिने पाहिलेलं होतं.

“तू मांडलेला हिशोबच मी तुला दाखवू शकतो, शलाका,” कर्णिक म्हणाले. “एका बाजूला एवढी मुलं. दुसऱ्या बाजूला एक.”

“त्या एकाचं नाव मला माहीत आहे.”

“म्हणूनच तू ठरवू नयेस.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लोकांना सांगायला हवं, एवढं खरं. टिकली दुसऱ्या मुलाला लावू नका. बायकांना वाचायला वेळ नसतो, चित्र काढून घेऊ. मोठं, दारातच.”

“चित्रात आजी नको, सर.”

“मग कोण दाखवायचं? तेल कोण लावतं?”

दार तसंच राहिलं. राजीनामा द्यावा असं तिच्या मनात आलं, आणि ती संध्याकाळच्या फेरीला गेली.

चित्र चांगलं झालं होतं. पाटावर बसलेली, पाय लांब केलेली हसरी म्हातारी, पायांवर एक बाळ, शेजारी झगा वर धरून उभी एक लहान मुलगी, आणि म्हाताऱ्या हातातून त्या मुलीकडे जाणारी टिकली. सगळ्यावर लाल फुली. चित्रकाराला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याने म्हातारीला हिरवं लुगडं नेसवलं होतं. आक्काही हिरवंच नेसायच्या.

पार्श्वला रुग्णालयातून घरी सोडून महिना होऊन गेला होता. व्यायामासाठी दर आठवड्याला त्याला आणावं लागे. त्या सकाळी शलाका वरून उतरत होती तेव्हा दाराबाहेर तेजू आणि आक्का दिसल्या. तेजूच्या खांद्यावर पार्श्व होता, मान लोंबत होती, तिच्या तळहाताने सावरलेली. तिने त्याची छाती काचेसमोर धरली. पार्श्वचं नेहमीचं आता कधीच नेहमीचं असणार नव्हतं. त्याची टिकली रुग्णालयानेच कायम पिवळी ठेवली होती. दार लगेच सरकलं, मायाळू आवाज म्हणाला, ‘आत या.’

आत आल्यावर समोरच चित्र होतं. तेजू थांबली.

शलाका शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तेजू चित्राकडे पाहत होती; घरी रोज सकाळी चालायचं तेच त्यात होतं. आधी म्हातारीकडे, मग त्या मुलीच्या झग्याकडे, मग पुन्हा म्हातारीकडे. लहानपणापासून तेजूला हिशोब पटकन सुटायचे. तिने मान वळवली आणि तिला शलाका दिसली. ती जवळ आली. आक्का मागे चपला काढत होत्या.

“तुला केव्हापासून माहीत आहे?” तेजूने हळू आवाजात विचारलं.

“मी एका रविवारी घरी आले होते. तेव्हापासून.”

“आणि मी पहिला फोन केला, तेव्हा त्याचे श्वास किती होते?”

शलाकाला खोटं बोलता आलं असतं.

“अठ्ठावन्न.”

“ते जास्त असतात?”

“हो.”

“तेव्हा माहीत होतं तुला? जास्त असतात ते?”

“हो.”

तेजूने पार्श्वला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडातली लाळ पदराने टिपली. तेवढ्यात आक्का त्यांच्यापाशी आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहून डोळे बारीक केले.

“हे नवीन लावलंय वाटतं. माझा चष्मा घरीच ऱ्हायला. काय काढलंय गं, तेजू? म्हातारी दिसतीया आणि पोरं.”

तेजू क्षणभर चित्राकडे बघत राहिली.

“बाळाला तेल लावत जा म्हणून सांगतायत, आक्का,” ती म्हणाली. “रोज.”

“बघा,” आक्का म्हणाल्या. त्यांनी शलाकाच्या दंडावर प्रेमाने चापटी मारली. “शेवटी आमच्यापाशीच आला की तुम्ही. व्यायामवाल्या बाईपण तेच म्हणत होत्या, हाताला तेल चोळा, मूठ सैल होईल. मी रोज चोळते. होईल न्हवं सैल?”

“होईल,” शलाका म्हणाली.

“आक्का, चला,” तेजू म्हणाली. तिने आक्कांचा हात धरला, जाता जाता त्यांना भिंतीच्या बाजूने न ठेवता आपल्या दुसऱ्या अंगाला घेतलं, आणि व्हरांड्याच्या टोकाला त्या सहकारी डॉक्टरच्या खोलीसमोर जाऊन रांगेत बसली. शलाकाची खोली त्या खोलीच्या अलीकडे होती. तिच्यासमोर कुणी नव्हतं.

मागे दारावर कुणीतरी बाळ धरलं होतं. हिरवं उमटलं. शलाकाने वळून पाहिलं. काचेपलीकडे एक बाई होती, बाळाची छाती पुन्हा पुन्हा काचेसमोर धरणारी. रखवालदाराने शलाकाकडे पाहिलं. शलाका पायरीवरून खाली उतरली, दारापाशी गेली आणि काचेतूनच, हाताने दुपटं बाजूला करायची खूण करून, बाळाचे श्वास मोजू लागली. तिने घड्याळात पूर्ण मिनिट पाहिलं. श्वास चाळीस होते. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता. बाळ ठीक होतं.

“घरी न्या,” ती म्हणाली.

काच जाड होती. बाईला काही ऐकू गेलं नाही. तिने बाळ पुन्हा वर उचलून धरलं.